डोनरचे केस परत उगवतात असे सांगणारे हेअर ट्रान्सप्लांट निवडावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 27, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले केस मागे सरकले आहेत, भोवऱ्यापाशी विरळपणा सुरू झाला आहे आणि एका क्लिनिकने नेहमीच्या एफयूईऐवजी (केसांचे पुंजके एकेक करून मुळासकट काढून लावण्याच्या पद्धतीऐवजी) दीडपट खर्चाची नवी पद्धत सुचवली आहे. डोक्याच्या मागच्या भागातून घेतलेले केस या पद्धतीत तिथेच पुन्हा उगवतात, असे ते सांगतात. त्यासाठी जादा पैसे मोजावेत का, हे तुम्हाला ठरवायचे आहे. माझे मत असे की या दाव्यामागे खरे जीवशास्त्र आहे, त्यामुळे तो उडवून लावू नये; परंतु तुमच्या स्वतःच्या डोक्यावर तो मोजून सिद्ध होत नाही तोपर्यंत डोनरचा, म्हणजे ज्या मागच्या भागातून केस घेतात त्याचा, हिशेब एकही केस परत येणार नाही असे धरूनच मांडावा. मी कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी मी एफयूई करून घेतली आहे आणि आता भोवऱ्याच्या भागासाठी दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करताना याच पद्धतीची माहिती काढली. मी डॉक्टर नाही. निर्णय तुम्ही त्वचारोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्या.

आधी डोनरला एवढे महत्त्व का, ते पाहू. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेल्या कामात दाखवून दिले की डोक्याच्या मागच्या व बाजूच्या पट्ट्यातले केस टकलाच्या जागी लावले तरी ते आपला मूळ गुणधर्म टिकवतात, म्हणजे तिथेही गळत नाहीत. आजचे सगळे हेअर ट्रान्सप्लांट याच एका निरीक्षणावर उभे आहे. मात्र हा पट्टा मर्यादित आहे. केस त्वचेतून एकेकटे न येता एक ते चार केसांच्या पुंजक्यांनी येतात आणि असा एक पुंजका म्हणजे एक ग्राफ्ट. निरोगी डोनरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण 65 ते 85 पुंजके असतात, आणि मागचा भाग उघडा न पडता आयुष्यभरात काढता येतील असे ग्राफ्ट बहुतेक पुरुषांमध्ये ढोबळमानाने 4,000 ते 8,000 एवढेच निघतात. आता दुसरी बाजू पाहा. टक्कल पूर्ण वाढले, तर झाकायचे क्षेत्र 200 चौरस सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक असू शकते. दर चौरस सेंटिमीटरला 35 ग्राफ्ट लावायचे म्हटले तरी 7,000 लागतात. विसाव्या-पंचविसाव्या वर्षी टक्कल सुरू झालेल्या माणसाचे पुरवठ्याचे आणि गरजेचे आकडे जवळजवळ एकमेकांना भिडतात. म्हणूनच डोनर वाचवणारी पद्धत ही बातमी तुमच्या वयाच्या माणसासाठी फार मोठी आहे आणि म्हणूनच ती तपासून घेणेही तितकेच गरजेचे आहे.

एफयूईमध्ये साधारण 0.8 ते 1 मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पंचने पुंजका मुळासकट काढतात. त्या जागी पुन्हा केस येत नाही, एक बारीक पांढरा ठिपका राहतो. मशीन अगदी बारीक लावली की माझ्याही मानेच्या वर असे ठिपके दिसतात. नव्या पद्धतीत सुमारे 0.6 मिलिमीटरची सुई पुंजक्याच्या एका अंगाने उभी घालून त्याचा काही भागच काढला जातो आणि उरलेला भाग त्वचेत ठेवला जातो. काढलेल्या तुकड्यातून नव्या जागी केस उगवावा आणि राहिलेल्या भागातून जुन्या जागी, अशी अपेक्षा असते. आपल्याकडचा ऊस आठवा. जमिनीलगत तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून खोडवा फुटतो, उपटलेल्या उसाला काहीच येत नाही. एफयूई म्हणजे उपटणे, आणि ही पद्धत म्हणजे बुडखा राखून तोडणे. मात्र खोडव्याचा ऊस लागणीच्या उसाइतका भरतोच असे नाही, आणि नेमका हाच मुद्दा केसांच्या बाबतीतही तपासायचा आहे.

या अपेक्षेला आधार आहे. कोत्सारेलिस, सन आणि लॅव्हकर यांनी 1990 मध्ये उंदरांच्या त्वचेत दाखवले की केस नव्याने घडवणाऱ्या मूळपेशी सर्वांत खालच्या कंदात नसून बऱ्याच वर, केस उभा करणारा बारीक स्नायू जिथे जोडलेला असतो त्या फुगवट्यात असतात. पुढे 1995 मध्ये दक्षिण कोरियातील किम आणि चोई यांनी कंद कापून टाकलेली माणसाच्या डोक्यावरची केशमुळे लावून पाहिली आणि त्यांतून केस पुन्हा उगवल्याचे नोंदवले. म्हणजे केशमुळाचा एक भाग गेला तरी उरलेला भाग स्वतःला पुन्हा घडवू शकतो, हे मान्य करावे लागते. याच धाग्यावर नेदरलँड्सचे डॉ. कून घो यांनी नॉयमान यांच्यासह 2010 मध्ये अर्धवट पुंजका काढून डोनर राखण्याच्या पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि काढलेल्या जागी बहुतांश केस परत आल्याचे त्यात मांडले. जाहिरातींत या पद्धतीला बहुधा मूळपेशींचे नाव जोडलेले असते. प्रयोगशाळेत पेशी वाढवून नवे केस तयार करणे ही मात्र अगदी निराळी गोष्ट आहे आणि ती नियमित उपचार म्हणून अजून कुठेच उपलब्ध नाही. तुम्हाला कोणी या दोन गोष्टी एकत्र करून सांगत असेल, तर तिथेच सावध व्हा.

माझी पहिली शंका केसाच्या जाडीविषयी आहे. केस उगवला की नाही, एवढेच मोजून भागत नाही. डोक्यावर जे भरलेपण दिसते ते केसांच्या संख्येइतकेच त्यांच्या जाडीवर अवलंबून असते, आणि केसाचे छेदक्षेत्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. समजा, अर्ध्या मुळातून आलेला केस मूळ केसापेक्षा फक्त 20 टक्क्यांनी बारीक निघाला, तर त्याचे छेदक्षेत्र 0.8 गुणिले 0.8, म्हणजे 64 टक्केच राहते. संख्या शंभर टक्के परत येऊनही झाकण्याची ताकद एक तृतीयांशाहून अधिक घटलेली असू शकते, तीही मागे आणि पुढे दोन्हीकडे. यशाची टक्केवारी सांगणाऱ्याला केसाची सरासरी जाडी आधी किती होती आणि नंतर किती झाली, हे विचारलेच पाहिजे.

दुसरी शंका मोजणीच्या पद्धतीविषयी आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. एका चौरस सेंटिमीटरमध्ये 70 पुंजके असतील आणि त्यांतले 15 घेतले असतील, तर वर्षाने तिथे 70 दिसले पाहिजेत की 55, एवढाच प्रश्न आहे. पण एक सेंटिमीटरचा चौकोन एका बाजूला एक मिलिमीटर सरकला तरी त्यातले दहावा हिस्सा क्षेत्र बदलते, आणि शोधायचा फरकच 15 चा असल्यामुळे अशी चूक निकाल सहज फिरवू शकते. म्हणून मोजण्याच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर गोंदणाचे बारीक ठिपके हवेत. शिवाय शस्त्रक्रियेच्या धक्क्याने आजूबाजूचे न काढलेले केसही काही आठवडे गळतात आणि नंतर आपोआप येतात. त्या काळात काढलेला फोटो पहिला आणि वर्षानंतरचा फोटो दुसरा म्हणून शेजारी ठेवला की डोनर भरून आल्यासारखा दिसतो, वास्तविक ते केस कधी काढलेलेच नसतात. तसेच पुंजक्यात चार केस असतील आणि सुईने दोनच उचलले असतील, तर उरलेले दोन दिसणारच. ते पुन्हा उगवलेले नसून पहिल्यापासून तिथेच होते. एफयूईमध्ये चुकून मध्येच तुटलेल्या मुळांतूनही काही केस परत येतात, आणि एखाद्या क्लिनिकने आपल्या कामातला तो दोषच गुण म्हणून विकला तर रुग्णाला ते कळायला मार्ग नाही. या क्षेत्रातल्या अनेक सर्जननी अर्धवट मूळ काढण्याच्या दाव्याबद्दल शंका घेतली आहे, ती अशाच कारणांसाठी.

यावरून क्लिनिककडे काय मागायचे ते उघड आहे. केस एक-दोन मिलिमीटर उंचीवर कापलेले असताना, त्याच खुणेच्या चौकोनाचे, शस्त्रक्रियेपूर्वीचे, काढल्यावर लगेचचे आणि किमान 12 महिन्यांनंतरचे फोटो त्यांच्याच जुन्या रुग्णांचे दाखवा म्हणावे. लांब केसांखाली निम्मी घटलेली दाटीही सहज झाकते, त्यामुळे लांब केसांच्या फोटोंना काहीच अर्थ नाही. त्यांच्यावर खरोखर विश्वास बसत असेल, तर एकदम 2,000 ग्राफ्टचा करार करण्याऐवजी खुणा केलेल्या छोट्या जागेतून थोडे ग्राफ्ट घेऊन वर्षभर थांबण्याची तयारी आहे का, हे विचारा. प्रामाणिक डॉक्टर या प्रश्नाने रागावणार नाही. जादा रक्कम तुम्ही नेमकी डोनर परत येण्यासाठीच देणार आहात, तेव्हा त्याचा पुरावा मागणे हा तुमचा हक्क आहे.

जाहिरातींतल्या बाकीच्या नावांचा डोनर वाचण्याशी फारसा संबंध नाही. सफायर म्हणजे केस लावण्यासाठी चिरा पाडण्याचे पाते. डीएचआयमध्ये पेनासारख्या साधनाने केस बसवतात. ही दोन्ही लावण्याच्या बाजूची तंत्रे आहेत. रोबो ग्राफ्ट काढण्याच्या बाजूचा आहे, परंतु तोही पुंजका पूर्णच काढतो.

आजच्या घडीला डोनर खात्रीने राखण्याचे मार्ग साधे आहेत आणि ते काढणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहेत. लहान व्यासाचा पंच, मुळे मध्येच तुटण्याचे कमी प्रमाण, एकाच पट्ट्यातून दाट न काढता सगळ्या सुरक्षित भागातून विखरून काढणे, आणि काढलेले ग्राफ्ट थंड द्रावणात ठेवून लवकर लावणे, कारण डोनरमधून गेलेला आणि नव्या जागी न लागलेला केस दोन्हीकडून गेला. मागच्या त्वचेची पट्टीच कापून काढण्याची जुनी पद्धत हल्ली कमी सुचवली जाते, कारण मागे रेषेचा व्रण राहतो. परंतु जो मागचे केस नेहमी थोडे लांब ठेवतो आणि ज्याला पुढे मोठ्या संख्येने ग्राफ्ट लागणार आहेत, त्याने ती अवश्य विचारात घ्यावी, कारण तिच्यात पट्टीबाहेरच्या डोनरला हात लागत नाही आणि एफयूईची सोय नंतरसाठी शिल्लक राहते. दाढीचे केसही उपयोगी पडतात. ते राठ असल्यामुळे कपाळाच्या रेषेवर शोभत नाहीत, मधल्या भागात भर घालायला चालतात. मी स्वतः दुसऱ्या वेळेसाठी काळजीपूर्वक केलेली एफयूई आणि थोडे दाढीचे केस या बाजूला झुकलो आहे.

तुमच्या बाबतीत मात्र शस्त्रक्रियेच्या आधीचा एक टप्पा आहे. 27 व्या वर्षी गळती थांबलेली नसते. आज कोपरे भरले आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांच्या मागचे केस गेले, तर मध्ये मोकळे मैदान राहते आणि ते भरायला पुन्हा डोनरच लागतो. मिनॉक्सिडिल आणि फिनॅस्टराइड या औषधांनी गळती रोखता येते का, हे आधी वर्षभर पाहावे. फिनॅस्टराइडच्या 1 मिलिग्रॅम गोळीला अमेरिकेत 1997 मध्ये पुरुषांच्या टकलासाठी मान्यता मिळाली. काहींना लैंगिक दुष्परिणाम होतात, म्हणून ती दुकानातून परस्पर घेऊ नका. आपल्या डोक्यावर टिकून राहिलेला प्रत्येक केस हा न काढाव्या लागलेल्या ग्राफ्टइतकाच मोलाचा आहे. काही पुरुषांमध्ये डोनरचा पट्टाही विरळ होत जातो. तसे असेल तर कोणतीच पद्धत उपयोगी नाही, कारण लावलेले केसही गळतात. हे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या उपकरणाने मागच्या केसांची जाडी पाहून कळते. शस्त्रक्रिया विकण्यात ज्याचा फायदा नाही अशा ठिकाणी ही तपासणी करावी. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागाच्या ओपीडीत दाखवून सुरुवात करता येईल.

शस्त्रक्रिया कोण करणार, हेही विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे की कार्यशाळा किंवा यूट्यूबवरची प्रात्यक्षिके पाहणे हे हेअर ट्रान्सप्लांट करण्यासाठी पुरेसे प्रशिक्षण नाही. डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळा, आणि पंच किंवा सुई प्रत्यक्ष त्यांच्याच हातात असेल की तंत्रज्ञाच्या, हे लेखी घ्या. अर्धवट मूळ काढायचे असेल तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण केसाचा त्वचेखालचा कोन बाहेरून दिसत नाही आणि सुई थोडी जरी चुकली तरी दोन्ही भाग मरू शकतात.

तारीख ठरवताना इथले दिवस लक्षात घ्या. नंतरचे काही आठवडे तालमीची माती, घाम आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल यांपासून डोके जपावे लागते. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे दिसू लागतात आणि खरा निकाल वर्षानेच कळतो. क्लिनिक पुण्याला असेल तर टाके, सूज किंवा जंतुसंसर्गासाठी कोल्हापुरात कोणाकडे जायचे, तेही पैसे भरण्यापूर्वी ठरवून घ्या.