नाशिकमधला पहिला ऑक्टोबर आणि अंगात ताप

घाबरू नकोस. पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन तापलं की इकडे घरोघरी ताप असतो, आणि प्रत्येक ताप डेंग्यूचा नसतो. पण अंगावर काढू नकोस. डॉक्टरांना दाखव. एनएस१ (डेंग्यूची रक्ततपासणी) आणि सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) सांगितली तर लगेच कर. एनएस१ पहिल्या पाच दिवसांतच नीट कळते.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही सांगितलं तेवढंच. अंग ठणकतंय म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन आणू नकोस, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पेज, ताक, ओआरएस घोट घोट घेत राहा.

नवखे चुकतात ते इथे: ताप उतरला की सुटलो म्हणून कामावर जातात. डेंग्यूत खरं जपायचं ते ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस. माझ्या भावाचा ताप चौथ्या दिवशी गेला आणि संध्याकाळी चूळ भरताना बेसिनमध्ये रक्त दिसलं. यातलं काहीही दिसलं तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठ:

- पोटात जोरात दुखणं
- सारख्या उलट्या
- हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त

प्लेटलेट दीड लाखाच्या खाली गेल्या म्हणून रक्तपेढीकडे धावू नकोस, आकडा डॉक्टरांना वाचू दे.

आणि आजच फ्रिजच्या मागचा ट्रे ओत. आमच्याकडे डासांच्या अळ्या तिथल्या साचलेल्या पाण्यातच वळवळत होत्या.