डाव्या लेनमध्ये रेंगाळणारी गाडी: डिप्पर मारू का, उजवीकडून काढू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या न्यू जर्सी टर्नपाइकवर (टोल असलेला महामार्ग) मर्यादा ताशी ६५ मैलांची, डाव्या लेनमध्ये एकजण ६० ने चाललाय, मधली लेन रिकामी आहे, तरी बाजूला होत नाही. काय करायचं?

आधी कायदा. इथे ओव्हरटेकची लेन डावी, म्हणजे आपल्याकडच्या उलट. गाडी काढून झाली की उजवीकडे परतायचं. हा नुसता शिष्टाचार नाही, नियम आहे. न पाळल्यास २०१३ पासून दंड १०० ते ३०० डॉलर, वर लायसन्सवर २ पॉइंट (चुकीबद्दल नोंदवले जाणारे दंडाचे गुण). पण त्याच्या बंपरला चिकटून चालवणाऱ्याला ५ पॉइंट बसतात आणि शोल्डरवरून (रस्त्याच्या कडेची पट्टी) घुसणाऱ्याला ४. चूक त्याची असली तरी पकडले गेलात तर महागात तुम्हाला पडेल.

दुसरं, तो खरंच रेंगाळतोय का ते बघा. समजा तो एका ट्रेलरला ओलांडतोय. ट्रेलर साधारण ७० फुटांचा, मागे-पुढे २००-२०० फूट अंतर धरलं तर त्याला ४७० फूट जास्त कापायचे आहेत. दोघांच्या वेगात ३ मैलांचाच फरक असेल तर याला पावणेदोन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात ६५ च्या वेगाने जवळजवळ २ मैल मागे पडतात. मागून बघणाऱ्याला तो अडून बसल्यासारखा दिसतो. त्याच्या उजवीकडे गाडी असेल तर गप्प थांबा, त्याला जायला जागाच नाही.

उजवीकडे मोकळं असूनही हलत नसेल तर तीन सेकंदांचं अंतर ठेवा. ६५ ला ते सुमारे २८५ फूट होतं. तिथूनच डावा इंडिकेटर न लावता एकदाच, क्षणभर डिप्पर. दहा-पंधरा सेकंद वाट बघा. नाहीच हलला तर पुन्हा डिप्पर नको आणि हॉर्न तर नकोच. चिडलेला माणूस बाजूला होत नाही, तो ब्रेकवर पाय ठेवतो; आणि तुम्ही जवळ असाल तर धडक तुमच्याकडून झालेली ठरते.

मग उजवीकडून काढा. एका दिशेला दोन किंवा जास्त लेन असलेल्या रस्त्यावर ते इथे चालतं, फक्त लेनच्या आत राहून. गडबड होते ती इथेच. लोक त्याच्या शेजारी पोचल्यावर त्याच्याकडे रागाने बघतात आणि वेग कमी होतो. नेमकं तेव्हाच त्याला जाग येऊन तो उजवीकडे वळतो. म्हणून आधी अंतर राखून मधल्या लेनमध्ये या, त्याचे इंडिकेटर आणि पुढची चाकं बघा, आणि त्याच्या ब्लाइंड स्पॉटमध्ये (त्याला आरशात न दिसणारा भाग) न रेंगाळता निघून जा. ६५ च्या आत हे जमत नसेल तर सोडून द्या. ट्रकच्या उजवीकडून मात्र काढूच नका. त्या बाजूचा ब्लाइंड स्पॉट दोन लेनपर्यंत जातो. पुढे आल्यावरही लगेच डावीकडे घुसू नका. तो आरशात पूर्ण दिसू दे.

राग येत असेल तर हिशेब करा. ३० मैलांना ६५ ने साडेसत्तावीस मिनिटांच्या जरा वर लागतात, ६० ने ३०. फरक सव्वादोन मिनिटांचा. एका टोल रांगेत तेवढे जातात.

तुम्ही ओव्हरटेक करताना एखादा मुद्दाम वेग वाढवत असेल किंवा समोर ब्रेक मारत असेल तर ती रेंगाळण्याची केस राहत नाही. मागे पडा, आणि शेजारी बसलेल्याला #७७ वर (आक्रमक ड्रायव्हरची तक्रार करायचा नंबर) फोन करून गाडीचा नंबर, दिशा व मैलाचा खांब कळवायला सांगा. स्वतः चालवताना फोन हातात घेऊ नका.

आणि एक उलटी बाजू. भारतातून नुकतेच आलेले बरेचजण डाव्या लेनमध्ये बसतात, कारण उजवीकडे रॅम्पवरून (महामार्गाला येऊन मिळणारा जोडरस्ता) गाड्या घुसतात आणि त्याची धास्ती वाटते. धास्ती रास्त आहे, पण त्यावर उतारा मधली लेन. एक्झिटच्या साधारण दोन मैल आधी उजवीकडे यायला सुरुवात केली की ऐनवेळी तीन लेन तिरक्या कापाव्या लागत नाहीत.