सीझरच्या काळात ‘इन्क्विझिटर’ कुठून आले?

प्रश्न असा आलाय की, सीझरच्या तरुणपणाबद्दल वाचताना ‘त्याने इन्क्विझिटरना पैसे देऊन सुटका करून घेतली’ असं वाक्य सापडलं, तर रोममध्ये ख्रिस्तपूर्व काळात इन्क्विझिशन (म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा देणारं चर्चचं कोर्ट) होतं का? आणि या शब्दाचा मूळ अर्थ तपास करणारा की छळ करणारा?

नव्हतं. पण प्रश्न अगदी रास्त आहे, कारण आपल्याकडे हा शब्द आला तोच गोव्यावरून. गोव्यात इन्क्विझिशन १५६० ला सुरू झालं, १७७४ ते १७७८ एवढी चार वर्षं बंद होतं, आणि कायमचं उठलं ते १८१२ ला. जुन्या गोव्यातल्या त्याच्या वाड्याला लोक नुसतं ‘व्हडलें घर’ म्हणायचे, नाव घ्यायची पण भीती. एवढा इतिहास पाठीशी असल्यावर इन्क्विझिटर म्हटलं की कोठडी आणि छळच डोळ्यापुढे येणार, त्यात वाचणाऱ्याची काही चूक नाही.

आता लॅटिनमध्ये बघू. क्वेरेरे म्हणजे शोधणं, विचारणं. त्याला ‘इन’ लागून इन्क्विरेरे झालं, म्हणजे खोलात जाऊन शोध घेणं, आणि ते करणारा तो इन्क्विझिटर. शेवटचा ‘तोर’ म्हणजे आपल्या संस्कृतातल्या ‘तृ’चा सख्खा भाऊ, दातृ-दाता, कर्तृ-कर्ता मधला, त्यामुळे शब्दाची घडण आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. शब्दशः अर्थ फक्त ‘शोधणारा’. काय शोधतोय, कोणासाठी शोधतोय, ते वाक्यावरून कळायचं.

आणि वाक्यं फार मजेदार आहेत. प्लिनी या रोमन लेखकाने शिकारी कुत्र्याचं वर्णन केलंय, कुत्रं जमिनीवरचा माग हुंगत चाललंय आणि दोरी धरलेल्या माणसाला सावजाकडे ओढत नेतंय, तो दोरीमागून ओढला जाणारा माणूस म्हणजे इन्क्विझिटर! त्याच वाक्यात मागासाठी शब्द आहे वेस्टिगिया, म्हणजे पाऊलखुणा, आणि त्यावरूनच इन्व्हेस्टिगेटर आला. आपल्याकडेही तपासाची भाषा पावलांचीच आहे की, ‘माग काढणे’, ‘मागोवा घेणे’, ‘मागमूस लागला नाही’. पूर्वी गावात चोरी झाली की रामोशी-जागले खरोखरच पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचे, माग पलीकडच्या गावात शिरला की पुढची जबाबदारी त्या गावच्या जागल्यावर जायची. त्यामुळे इन्व्हेस्टिगेटरला ‘मागकाढ्या’ म्हटलं तर मूळ लॅटिनच्या जास्त जवळ जातं असं मला वाटतं, तपासनीस त्यामानाने कचेरीतला शब्द आहे, त्यातला ‘नीस’ फारसी नवीस म्हणजे लिहिणारा, फडणीस-चिटणीसमधला.

दुसरा अर्थ कोर्टातला. तिथे इन्क्विझिटर म्हणजे खटला भरण्यासाठी पुरावा गोळा करणारा फिर्यादी, न्यायाधीश नव्हे. ख्रि.पू. ७० मध्ये सिसिलीचा लुटारू गव्हर्नर वेरेस याच्यावर सिसेरो या नामांकित रोमन वकिलाने खटला चालवला, त्यासाठी त्याने ११० दिवसांची मुदत मागितली, तर वेरेसच्या बाजूने वेगळ्याच एका खटल्याचा फिर्यादी म्हणून दुसरा माणूस उभा केला गेला, त्याने ग्रीसमधल्या तपासासाठी बरोबर दोन दिवस कमी मागितले, म्हणजे त्याचा खटला आधी लागावा. सिसेरो भर कोर्टात सांगतो, तो ग्रीसवाला इन्क्विझिटर इटलीतल्याच ब्रुंदिसियम बंदरापर्यंतसुद्धा पोचला नाही, मी मात्र अख्खं सिसिली ५० दिवसांत फिरून आलो. इथे शब्दात टोमणा आहे, छळ नाही.

तिसरा अर्थ मात्र वाईटाकडे झुकतो, पाळत ठेवणारे सरकारी लोक. जुवेनाल या रोमन कवीच्या एका कवितेत कोळ्याला भलामोठा मासा मिळतो आणि तो लपवताच येत नाही, कारण किनाऱ्यावर समुद्रशेवाळाचेसुद्धा इन्क्विझिटर पसरलेले. मासा गपचूप सम्राटाला नेऊन द्यावा लागतो.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, छळाची सावली या शब्दकुळावर नंतरच पडली असं नाही. त्याच क्वेरेरेपासून क्वेस्तिओ हा शब्द आहे, साधा अर्थ ‘प्रश्न’ किंवा ‘चौकशी’, पण रोमन कायद्यात गुलामाची क्वेस्तिओ म्हणजे यातना देऊन घेतलेली जबानी. चर्चने इन्क्विझिटर शब्द उचलला तो तेराव्या शतकात, फिर्यादीची वाट न बघता न्यायाधीशानेच चौकशी सुरू करायची पद्धत तोवर चर्चच्या कोर्टांत रूढ झाली होती, आणि तीच पाखंड्यांना शोधायला वापरली गेली. तिथून शोधणारा आणि शिक्षा देणारा एकाच खुर्चीत बसले, शब्द काळवंडला तो त्यामुळे.

याच घराण्यातला एक शब्द आपल्या पोलीस ठाण्यात रोज लिहिला जातो, इन्क्वेस्ट पंचनामा. संशयास्पद मृत्यू झाला की प्रेताभोवती उभं राहून पंचांसमोर जो लिहितात तो. वापरणाऱ्या हवालदाराला त्यात धर्मपीठ आठवत नाही, आठवायचं कारणही नाही.

तर तुमचं वाक्य. रोमचा हुकूमशहा सुल्ला याने सीझरला बायकोला सोड म्हणून सांगितलं, त्याने ऐकलं नाही, अंगात थंडीताप असताना जवळजवळ रोज रात्री जागा बदलत लपावं लागलं, आणि शोधायला आलेल्यांना पैसे चारून तो सुटला. हे लोक सुल्लाचे माणसं हुडकणारे, धर्माशी काही संबंध नाही. मी भाषांतर केलं असतं तर लिहिलं असतं, ‘मागावर असलेल्यांना पैसे चारून त्याने जीव वाचवला’.