विचारा की! : पाण्याखालचं शूटिंग

प्रश्न : 'द अबिस' हा इंग्रजी पिक्चर बघितला. एवढं सगळं खऱ्या समुद्रात शूट केलंय का हो? (एक वाचक, सांगली)

उत्तर : समुद्रात कुठलं, अणुभट्टीत! खरंच. अमेरिकेत साउथ कॅरोलिनामधल्या गॅफ्नीजवळ एक अणुऊर्जा प्रकल्प अर्धवट बांधून सोडून दिला होता, तिथल्या भट्टीसाठी बांधलेल्या अवाढव्य काँक्रीटच्या पिंपात दिग्दर्शक जेम्स कॅमेरूननं साधारण 2.8 कोटी लिटर पाणी भरलं आणि आत अख्खा सेट उभा केला. समुद्राच्या तळाशी काळोख हवा ना, मग वर ताडपत्री घातली आणि पाण्यावर काळे प्लास्टिकचे बारीक मणी सोडले, ढिगानं. ती ताडपत्री वादळात फाटली, मग काय, रात्रीचं शूटिंग. पाण्यात शेवाळं झालं म्हणून क्लोरीन ओतलं तर ते इतकं जास्त झालं की लोकांच्या केसांचा रंग उडाला आणि कातडी भाजली. हीरो एड हॅरिस एकदा बुडता बुडता वाचला, स्वतः कॅमेरूनची हवा संपून तोही मरता मरता वाचला. पिक्चर आला 1989 ला, व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्करही मिळालं, पण मला विचाराल तर एवढा जीव धोक्यात घालणं जरा अतीच होतं.

आणि पिक्चरमध्ये एक उंदीर द्रवात बुडून श्वास घेतो ना, ते खरं आहे बरं का! तो ऑक्सिजन मिसळलेला फ्लुओरोकार्बन द्रव होता. हॅरिसही पिक्चरमध्ये तसाच द्रवात श्वास घेताना दिसतो, त्यानं मात्र नुसता श्वास रोखून धरला होता.

प्रश्न : आम्ही तारकर्लीला स्कुबा केलं, वर आलो आणि लगेच मालवणी थाळीवर तुटून पडलो. मग 'द अबिस'च्या वेळी कॅमेरून म्हणे शूटिंग संपल्यावरही तासन्‌तास पाण्यातच लटकून राहायचा, ते का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : तुम्ही किती वेळ खाली होतात, पंधरा-वीस मिनिटं? आणि तेही उथळ पाण्यात. ही माणसं दिवसचे दिवस तासन्‌तास खाली राहायची. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो, आणि झटकन वर आलं की त्याचे बुडबुडे होतात, गोटी सोडा फोडल्यावर होतं तसं, फक्त इथे ते तुमच्या अंगात. म्हणून मधेच थांबत थांबत वर यायचं. कॅमेरून तेवढ्या वेळात हेल्मेटचं ओझं कमी व्हावं म्हणून उलटा लटकायचा आणि पिंपाच्या खिडकीच्या काचेतून आदल्या दिवशीचं शूटिंग बघायचा. वेळ वाया घालवणं रक्तातच नाही बहुतेक त्याच्या!

प्रश्न : नटी केट विन्स्लेट कॅमेरूनच्याच 'अवतार'च्या दुसऱ्या भागासाठी सात मिनिटं पाण्याखाली राहिली, हे खरं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हो, सात मिनिटांच्याही वर, पण ते ट्रेनिंगमध्ये. सीनसाठीही श्वास रोखूनच काम करायचं होतं, कारण हवेच्या सिलेंडरचे बुडबुडे मोशन कॅप्चरच्या (म्हणजे नटांच्या हालचाली टिपून त्यावरून कॉम्प्युटरवर पात्रं उभी करायच्या) कॅमेऱ्यांना गोंधळात टाकतात. पाण्यावर यावेळी पांढरे बॉल सोडले होते, वरच्या दिव्यांच्या उजेडानं आणि चकाकीनं खालच्या कॅमेऱ्यांचा घोळ होऊ नये म्हणून.