गे आहे, हॉस्टेलला राहतो, रोज क्वार्टर लागते. डिप्रेशनमुळे दारू की दारूमुळे डिप्रेशन?

भाऊ, तू लिहिलंय की जळगावला एमएस्सी करतोय, घरी काही माहीत नाही, झोपायच्या आधी क्वार्टर लागतेच, तर आधी काय आलं, डिप्रेशन की दारू. मी पण गे आहे, धुळ्याचा, शिकलो जळगावलाच, म्हणून लिहितोय.

दोन्ही एकमेकांना ओढतात रे. पिऊन झोप पटकन लागते पण उतरायला लागली की पहाटे टक्क जाग येते, मग दिवसभर छातीत धडधड, उगाच भीती, आणि ती घालवायला संध्याकाळी परत बाटली.

पण मला विचारशील तर मूळ लपवण्यात आहे. थंडीत शेतात भरीत पार्टी असते, काड्यांवर वांगी भाजताहेत, कळण्याच्या पुऱ्या आल्यात, ग्लास भरले जातात आणि कुणीतरी विचारतंच, "तुझीवाली कोण रे भो?" तेव्हा ग्लास तोंडाला लावला की उत्तर द्यावं लागत नाही. आपल्यातली कितीतरी पोरं अशीच प्यायला लागलेली मी पाहिलीत. हा जो चोवीस तास सावध राहायचा ताण आहे ना, त्याला मायनॉरिटी स्ट्रेस म्हणतात, तो बाहेरून येतो. गे असणं आजार नाही, डब्ल्यूएचओने 1990 मध्येच ते आजारांच्या यादीतून काढलंय.

आता हे नीट वाच. रोज पितोस तर मनानेच एकदम बंद करू नको. हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, म्हणून सायकियाट्रिस्टला दाखवून औषधावर सोडायची. आणि दारूवर झोपेची गोळी तर अजिबातच नाही, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

डॉक्टर घरी सांगेल ही भीती सगळ्यांनाच असते, पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गुप्ततेचा हक्क आहे आणि लैंगिकतेवरून भेदभाव करायलाही मनाई आहे. कुणी "हे गे-बिगे बरं करून देतो" म्हणाला तर तिथून उठ, एनएमसीने, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, 2022 मध्ये असले उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय.

दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटेल वाटत असेल तर आधी 14416 लाव, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मरावंसं वाटलं तर रात्री कितीही वाजता लाव, प्लीज. आणि किती पितो ते डॉक्टरला खरं सांग, अर्धं करून नको, औषधाचा डोस त्यावरच ठरतो.