घरच्या कॉम्प्युटरसाठी फुकटातला अँटीव्हायरस कुठला टाकू, अवास्ट की एव्हीजी?

तुम्ही लिहिलंय की घरी विंडोज १० चा जुना डेस्कटॉप आहे, बाबा त्यावर नेट बँकिंग करतात, बिलं भरतात, आणि या दोघांपैकी कुठला टाकू. कुठलाच नको. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस आधीपासून असतो, तो चालू आहे का तेवढं बघा आणि विषय सोडा. एव्हीजीला अवास्टने २०१६ लाच विकत घेतलंय, त्यामुळे तुमचा प्रश्न म्हणजे एकाच हॉटेलच्या पुढच्या दारातून जाऊ की मागच्या, असा झालाय.

इथंच थांबणार होते. पण तुम्ही शेवटी लिहिलंय ना, "ओळखीचे म्हणतात फुकटच्या अँटीव्हायरसवर बँकेचं काम करूच नये", तिथं माझं डोकं फिरलं. हेच वाक्य आमचे भावोजी प्रत्येक बारशाला, प्रत्येक साखरपुड्याला म्हणत आलेत आणि त्याच्यामागे एक गोष्ट आहे.

आमचं घर गोव्यात डिचोलीजवळ. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे जमतात. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत असतो, आई त्यावर यूट्यूबवरची भजनं लावून ठेवते. त्या वर्षी माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची सजावट) बांधायचं चाललेलं आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून लाल चौकोन वर यायला लागले. इंग्रजीत, की तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडलेत, ताबडतोब स्कॅन करा. एक बंद केला की दुसरा हजर, वर टुंग टुंग आवाज. भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, हातातला सुपारीचा घड खाली ठेवून आले, चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल दिला: "फुकटचा अँटीव्हायरस वापरलात ना, भोगा आता."

मी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते, दिवसभर पोरांचे पेन ड्राईव्ह साफ करणं हाच माझा धंदा. मी म्हटलं, भावोजी जरा थांबा, हे विंडोजचं नाही, क्रोमचं आहे, चौकोनात बारीक अक्षरांत साईटचं नाव दिसतंय बघा. पण घरातली धाकटी, त्यातून मुलगी, आणि ऐन चवथीत जावयाच्या शब्दाला कोण नाही म्हणणार. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प. सीपीयू उचलला, गाडीत घातला आणि म्हापशाला. मी हट्टाने बरोबर गेले.

दुकानदाराने स्क्रीन नीट बघितलीसुद्धा नाही. "बाय, हें फॉरमॅट करचें पडटलें." मी म्हटलं फॉरमॅट बिलकुल करायचं नाही, त्यात बाबांनी टाईप करून ठेवलेली गावच्या उत्सवातल्या नाटकांची बाडं आहेत, अर्ध्यांची कागदावरची प्रत वाळवीने कधीच संपवली. मग निदान पेड अँटीव्हायरस तरी टाका, असं दुकानदार आणि भावोजींनी मिळून ठरवलं. भावोजींनी ऐटीत पैसे काढून दिले. घरी येऊन वायरी जोडल्या, आई आरतीचं ताट तयार करत होती, आणि क्रोम उघडलं तसा तो लाल चौकोन परत वर आला. नव्याकोऱ्या, पैसे मोजून आणलेल्या अँटीव्हायरसच्या नाकावर टिच्चून.

येणारच होता. कारण कॉम्प्युटरमध्ये व्हायरस नव्हताच. कुठल्यातरी साईटने नोटिफिकेशन दाखवायची परवानगी मागितली, कोणीतरी 'अलाव' दाबलं, आता ती साईट तिला हवं ते दाखवतेय. अँटीव्हायरसला पकडायला एक फाईल तरी हवी ना. भजन आटपून सगळे झोपल्यावर मी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गेले, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्यांच्या यादीत एक अगम्य नावाची साईट बसलेली. समोरच्या तीन टिंबांवर क्लिक, रिमूव्ह, खेळ खलास. हिस्टरीत बघितलं तर ती फुकटात क्रिकेट मॅच दाखवणाऱ्या साईटवरून आलेली. तसल्या साईट 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाव दाबा' म्हणून फसवतात. आणि ती उघडलेली वेळ दुपारची, तेव्हा खुर्चीवर आमचा भाचा. भावोजींचेच चिरंजीव. पोराला सणाच्या दिवशी मार बसायला नको म्हणून मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी चहा घेता घेता सगळ्यांना सांगतायत, "बघितलं? पैसे टाकले की काम होतं. एक रात्र लागते त्याला सेट व्हायला." एक रात्र लागते म्हणे! पुढे मुदत संपत आल्यावर त्याच विकतच्या अँटीव्हायरसचे लाल चौकोन यायला लागले, रिन्यू करा, रिन्यू करा. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत माणूस चहा करून पिऊन येईल इतका जड झाला तो वेगळाच. मी तो काढून टाकला. दुसरा अँटीव्हायरस असला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, तो काढला की परत कामाला लागतो. म्हणून मुदत संपलेला तसाच ठेवायचा नाही, अनइन्स्टॉल करायचा.

आणि फुकट म्हणजे कमअस्सल असं ज्यांना वाटतं त्यांनी जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन लॅबचे रिपोर्ट उघडून बघावेत. डिफेंडर तिथं विकतच्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला दिसेल. आपलं सरकारसुद्धा २०१७ पासून सायबर स्वच्छता केंद्रावर सफाईची टूल्स फुकट देतंय. आता बाहेरच्या फुकट अँटीव्हायरसवर माझा राग का, तर लोकांनी काय काय ब्राऊझ केलं त्याचा डेटा अवास्ट जम्पशॉट नावाच्या आपल्याच कंपनीतर्फे विकत होती. जानेवारी २०२० मध्ये ते बाहेर आलं, जम्पशॉट बंद करावी लागली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आज अवास्ट, एव्हीजी, अविरा, नॉर्टन सगळे जेन डिजिटल या एकाच मालकाचे. त्यामुळे निवड कसली करताय.

बाबांच्या बँकेचं म्हणाल तर फोन करून "मी बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याला फुकटचा किंवा विकतचा कुठलाच अँटीव्हायरस अडवत नाही. ते बाबांना समोर बसवून सांगावं लागतं, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन. त्यांना स्टँडर्ड अकाउंट (ज्यातून पासवर्डशिवाय मोठे बदल करता येत नाहीत) करून द्या, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. क्रॅक केलेलं ऑफिस, ॲक्टिव्हेटर (लायसन्स न घेता ते चालू करून देणारं टूल) वगैरे असेल तर आधी उपटून टाका, डिफेंडर ओरडला की त्यालाच बंद करा असं त्या ॲक्टिव्हेटरवाल्याने लिहिलेलं असतं आणि लोक तसं करतातही! शंका आली तर मालवेअरबाइट्सचं फुकट स्कॅन अधूनमधून मारा. ट्रायल संपल्यावर ते फक्त सांगाल तेव्हा स्कॅन करतं, डिफेंडरशी भांडत नाही.

हे सगळं घरच्यापुरतं हां, दुकान किंवा सीएच्या ऑफिसात दहा मशीन असतील तर गणित वेगळं, तिथं पैसे टाकावेच लागतील.

आणि एक राहिलंच, खरं म्हणजे हे वरती लिहायला हवं होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती २०२८ पर्यंत येत राहणार असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, पण विंडोजला स्वतःला पडलेली भोकं त्याने बुजत नाहीत. २०१७ चं वॉनाक्राय आठवा, फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारं ते, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, दिलेला, मे महिन्यात ज्यांनी तो टाकला नव्हता ते सापडले. तेव्हा मशीन ११ ला चालत असेल तर ११ करा. नसेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर ईएसयू (सपोर्ट संपल्यावरही मिळणारे वाढीव सिक्युरिटी अपडेट) म्हणून पर्याय येतो, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साईन-इन करून बॅकअप चालू केलात तर त्याला पैसे पडत नाहीत, ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात. आधी हे करा, बाबांच्या फाईली एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती काढून कपाटात ठेवा, जोडलेली ठेवू नका.