घुंगरू वाजेनात!

प्रश्न: मी फाइन आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे, इन्स्टॉलेशनसाठी (खोलीभर मांडलेली कलाकृती) छताला 40 घुंगरू टांगलेत, कोणी जवळ आलं की सेन्सरमुळे मोटर थरथरते आणि ते वाजतात, पण सुती साडीतल्या काकू आल्या की वाजतच नाहीत, बाकीचे लांबूनच फोटो काढून जातात. काय करू?

उत्तर: अगं, सेन्सर अल्ट्रासॉनिक असणार, म्हणजे ऐकू न येणारा आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा, मऊ कापड त्याच्या ध्वनिलहरी शोषून घेतं, मग परत काय येणार! पीआयआर (इन्फ्रारेड) सेन्सर लाव, तो अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. लांबच्यांसाठी जमिनीवर पांढरी पावलं रंगव. कलाकार राफाएल लोझानो-हेमरच्या 2006 च्या ‘पल्स रूम’ या इन्स्टॉलेशनमध्ये हँडल धरलं की बल्ब आपल्या नाडीच्या ठोक्यावर लुकलुकतो, तसं पटकन उत्तर तुझ्या घुंगरांनीही द्यायला हवं.